काफिसियासची जिभली

वास्तियास कुंभार मागे सरकला. मान तिरकी करून त्याने आपणच घडवलेल्या मातीच्या बायकांकडे पाहिलं, आणखी एक पाऊल मागे सरकला, आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन बाकावर बसला. बाकावर काफिसियासची चामड्याची डबी होती. डबीत त्याच्या औलोसच्या जिभल्या होत्या.

आवाज काही फार झाला नाही. वाळकी काटकी पायाखाली यावी, तेवढाच. पण समोरच्या दगडावर, मूर्तीसाठी औलोसच्या दोन्ही नळ्या तोंडाशी धरून आणि गाल फुगवून वाजवण्याचं सोंग घेऊन बसलेल्या काफिसियासचे गाल हळूहळू खाली आले.

"ऊठ," तो म्हणाला.

वास्तियास ताडकन उठला आणि ताडकन संतापला. त्याची ही सवय आमच्या स्कोलोस गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या हातून मडकं फुटलं की तो मडक्यावर चिडतो, मातीवर चिडतो, माती जिथून आणली त्या ओढ्यावर चिडतो.

"बाकावर डबी ठेवतात का, अरे? बाक बसायला असतो! साक्षी झ्यूस, माणसाने आपल्याच घरात बसायचं की नाही? आणि चामड्याची डबी! लाकडाची घ्यायला काय झालं होतं? लाकडाची असती तर मला टोचली असती, मी उठलो असतो!"

काफिसियासने डबी उघडली. आत पाहिलं. बोटाने एक जिभली उचलली, ती शाबूत होती. दुसरी उचलली. ती उचलता उचलताच तिचे दोन तुकडे झाले.

"एक तर वाचली," वास्तियास म्हणाला.

एक वाचली म्हणजे दोन्ही गेल्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. औलोस म्हणजे दोन नळ्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एक जिभली. त्या दोन जिभल्या एकाच बोरूच्या एकाच पेऱ्यातून कापलेल्या असाव्या लागतात, मुळाकडची डाव्या नळीला आणि शेंड्याकडची उजवीला. सख्ख्या बहिणी. आणि बोरूही कुठलाही चालत नाही. कोपाइसच्या तळ्याला पूर यावा, पाणी वर्षभर मागे हटू नये, तेव्हा कुठे काठचा बोरू असा भरतो. मग तो कापायचा, वाळवायचा, आणि मन मारून कित्येक हिवाळे तसाच राहू द्यायचा. गेल्या बऱ्याच वर्षांत तळ्याला तसा पूर आलेला नव्हता. ही काफिसियासची शेवटची जोडी होती.

आणि परवा थोर रोट मळायचा होता.

आमची डेमेटर आई थोर रोटाची आई आहे. वर्षातून एकदा अख्ख्या गावाच्या गव्हाचा एकच रोट तिच्या देवळासमोर मळला जातो. होडीएवढी लांब काथवट, तिच्या दोन्ही बाजूंना बायका, आणि काथवटीच्या डोक्याशी एक बसका दगड. त्या दगडावर औलोस वाजवणारा बसतो. वाजवणारे बसून बसून दगडाला मधोमध खळगा पडला आहे, आणि त्या खळग्यात गेली कित्येक वर्षं काफिसियास बसत आला होता. एकदा बसलं की रोट मळून होईपर्यंत उठायचं नाही. रोट भाजून निघाला की त्याच्या माथ्यावरची पहिली कड वाजवणाऱ्याची. त्याचा श्वास कणकेत असतो, असं बायका म्हणतात.

आता काफिसियास हा काही देखणा माणूस नव्हे. तरुणपणी असेल, पण तेव्हाही कुणी तसं म्हटल्याचं वास्तियासला आठवत नाही, आणि दोघं एकाच गल्लीत वाढलेले. वाजवताना गाल फाटू नयेत म्हणून बांधायचा चामडी पट्टा त्याने इतकी वर्षं बांधला होता, की सोडला तरी तो बांधल्यासारखाच दिसे. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी कानापर्यंत दोन चर, आणि त्यांच्या मधले गाल रिकाम्या पखालीसारखे लोंबणारे. हसला की आधी चर हसत, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी तो.

पण स्कोलोसमध्ये त्या गालांशिवाय कुणाचं काय झालं होतं? द्राक्षं तुडवायची, बोलवा काफिसियासला. तालमीत पोरांना उडी शिकवायची, बोलवा. लग्नाची मिरवणूक, बोकडाचा बळी, म्हाताऱ्याची शेवटची वाट, बोलवा. गावची माणसं लढाईला गेली तेव्हा वास्तियासच्या एका हातात ढाल होती आणि दुसऱ्यात भाला. काफिसियासच्या दोन्ही हातांत नळ्या होत्या. तो पुढे वाजवत चालला आणि मागची सगळी रांग त्याच्या चालीने. पोटरीत बाण घुसला तेव्हा सूर जरा चढा लागला, एवढंच. आणि जेवणावळीत? जेवणावळीत त्याचं पान दाराशी, कुत्र्यांच्या शेजारी. या एका गोष्टीवरून वास्तियासने गावात किती भांडणं केली असतील, याला सुमार नाही. काफिसियासला विचारलं तर तो म्हणे, दाराशी वारा लागतो.

तर या वर्षीचा यजमान होता ओनासिमोस. त्याचा बाप भला माणूस होता, पण त्याने पोराला काही दिवस अथेन्सला ठेवलं, आणि पोरगा परत आला तो वीणा घेऊन. जिभल्या मोडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. वास्तियासने ती स्वतःच संतापून गल्लीभर सांगितली होती.

सकाळी ओनासिमोसने त्याला अंगणात बोलावून अंजीर पुढे केले.

"काका, झालं ते एका परीने बरंच झालं."

"काय बरं झालं?"

"आईचीच इच्छा म्हणायची. यंदा प्लाताइयाचे पाहुणे येणार. काफिसियास माणूस चांगला आहे, मी नाही कुठं म्हणतो? पण तो पट्टा, ते गाल. मुसकं बांधलेला बैल बसल्यासारखं दिसतं हो. अथेन्सला चांगल्या घरची मुलं औलोसला हातसुद्धा लावत नाहीत. खुद्द अथीनाने तो वाजवला, पाण्यात आपलं तोंड बघितलं आणि दिला फेकून."

वास्तियासच्या घशात अंजीर अडकला. तो त्याने रागाने गिळला.

"फेकला ना तिने? मग उचलला कुणी? आपण उचलला! देवीने टाकलेलं आपण झाडून पुसून तोंडाला लावलं, आणि आज तू मला तोंडं शिकवतोस? तुझ्या लग्नात काय वाजत होतं रे? वीणा? तुझ्या बापाला पोचवायला पुढे कोण होतं? तू धाय मोकलून रडत होतास आणि तुझं रडणं लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो बैल जोर लावून वाजवत होता! अथेन्सवाले आपल्याला डुकरं म्हणतात. पूर्वी ते तरी लांबून म्हणायचे. आता तू घरात बसून म्हण!"

"काका, चिडू नका. मी थीब्सहून तिमोलासला बोलावलंय. नळ्यांना चांदीची कडी आहेत त्याच्या. केशरी झगा घालतो."

"त्याला गाल नाहीत?"

"आहेत. पण ते थीब्सचे आहेत."

वास्तियास उठून उभा राहिला. आता काहीतरी जबरदस्त बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं. तेवढ्यात ओनासिमोस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आणि काका, एक विचारू? डबीवर बसलं कोण?"

"तो प्रश्नच वेगळा आहे!" वास्तियास गरजला आणि चालता झाला.

दारापर्यंत पोचतो तोच मागून आवाज आला, "त्या मूर्तींमधल्या वादकाचे गालही जरा उतरवा! देवळात ठेवायच्यात!"

वास्तियास तडक घरी आला. मातीच्या बायका मातीच्या काथवटीवर वाकून उभ्या होत्या, आणि टोकाला बोटभर काफिसियास बसला होता. वास्तियासने ओल्या मातीचे दोन गोळे घेतले आणि त्याच्या दोन्ही गालांना लावले. मग ओनासिमोस आठवला, आणखी दोन लावले. संध्याकाळी काफिसियास आला आणि वाकून बघायला लागला.

"हे काय? कुणी दोन डाळिंबं चोरून तोंडात लपवलीत?"

"तो तू आहेस."

"मी?" त्याने स्वतःचे गाल चाचपले. "बायको गेली ते बरं झालं. तिला वाटायचं मी सुकलोय."

"हसू नकोस! इथे लोक तुझा दगड काढून घेतायत आणि तू दात काढतोस!"

खरं तर वास्तियासने तोवर गाव पालथं घातलं होतं. ज्या ज्या घरात कधीकाळी कुणी औलोस वाजवत होतं, त्या त्या घराचे कोनाडे त्याने धुंडाळले होते, आणि एका विधवेच्या लोकरीच्या टोपलीतून एक जुनी जिभली मिळवली होती. ती आणि काफिसियासची वाचलेली, अशी जोडी त्याने मोठ्या अभिमानाने नळ्यांत बसवून पुढे केली. काफिसियासने पट्टा बांधला, ओठ लावले आणि फुंकलं.

शेजारच्या अंगणातून लगेच आवाज आला, "हेराक्लिस देवा! कुणाची बकरी अडकली का रे कुंपणात?"

काफिसियासने नळ्या खाली घेतल्या. "एका घरात दोन जावा घातल्यास तू. आणि वरून डावीची उजवीकडे बसवलीस."

"बदलून बघ."

"बदलून काय होणार? भांडायचं थांबणार नाहीत, फक्त चुली बदलतील."

त्याने जिभल्या काढल्या, नळ्या पुसून पिशवीत घातल्या आणि पट्टा सोडला. पट्टा सोडताना तो जरा वेळ थांबला, एवढं वास्तियासला दिसलं. आणि ते दिसलं म्हणून तो आणखी चिडला.

"तू उद्या जाऊच नकोस तिकडे. घरात बस. दार लावून घे. कळू दे त्यांना!"

"भट्टीला सरपण लागेल," काफिसियास म्हणाला. "मी जातो."

रोटाच्या दिवशी सगळं गाव देवळासमोर जमलं. प्लाताइयाचे पाहुणे सावलीत बसवले होते. तिमोलास आला. केशरी झगा, चांदीची कडी, सगळं ओनासिमोसने सांगितल्यासारखं. वास्तियासने त्याचा तिरस्कार करायची पूर्ण तयारी केली होती. पण त्या गृहस्थाने आल्याबरोबर म्हातारीकोतारी बघून नमस्कार केले, कुणीतरी दिलेला कांदा आणि चीज उभ्याउभ्या मिटक्या मारत खाल्लं, आणि कोपाइसची बाम मासळी इथे मिळते का, अशी चौकशी केली. अशा माणसाचा तिरस्कार करायचा म्हणजे फार मेहनत पडते. वास्तियासने ती घेतली.

काफिसियास भट्टीपाशी उकिडवा बसून काटक्या मोडत होता. वास्तियास मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

तिमोलास दगडावर बसला. त्या खळग्यात! वास्तियासने डोळे मिटून घेतले.

आणि तिमोलासने वाजवायला सुरुवात केली.

वास्तियासला वाटलं होतं, तो वाईट वाजवील. सूर चुकेल, बायका हसतील, ओनासिमोसचं नाक कापलं जाईल. तसलं काही झालं नाही. तो माणूस देवासारखा वाजवत होता. एक नळी खाली शांतपणे चालायची, जशी एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन येते आहे, आणि दुसरी तिच्याभोवती चिमणीसारखी उडायची. झाडाखालची गाढवंसुद्धा कान टवकारून उभी राहिली. वास्तियासच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळे आलं असं ठरवून तो भट्टीवर चिडला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कणीक मळली जात नाहीये.

बायका काथवटीत कोपरापर्यंत हात घालून तशाच उभ्या होत्या. ऐकत होत्या. थोरल्या म्नासो आजीची मान कलली होती आणि गालांवरून पाणी ओघळून कणकेत पडत होतं. एक सून तोंड उघडं टाकून उभी होती. उन्हाने कणकेवर साय धरायला लागली होती. ओनासिमोसने हातवारे केले, "मळा ना, मळा!" बायकांनी दोन हात मारले आणि सूर वळला तशा पुन्हा थांबल्या. ज्यांनी मळायचा प्रयत्न केला त्यांच्यातल्या एकीचा हात वर तर दुसरीचा खाली, आणि काथवट वाऱ्यातल्या होडीसारखी हलायला लागली.

"बघ!" वास्तियास काफिसियासच्या कानात कुजबुजला. त्याला हर्षाने उभं राहवेना. "बघ, झाली फजिती! आता ऊठ आणि निघ. या सगळ्यांच्या समोरून चालत जा. मागे वळून बघू नकोस. येतील पाय धरायला!"

काफिसियास उठला. पण निघाला नाही. हात झटकत तो सरळ दगडापाशी गेला आणि तिमोलासच्या कानाशी वाकला.

"पोरा, फार सुंदर वाजवतोस."

तिमोलासने नळ्या तोंडातून काढल्या. "आभारी आहे, आजोबा."

"जरा वाईट वाजव."

थीब्सपासून डेल्फीपर्यंत त्याला अशी विनंती कुणी केली नसावी.

"म्हणजे?"

"म्हणजे ते वरचं चिमणीचं सोडून दे. नुसतं खालचं ठेव. आणि या म्हातारीच्या हातांवर वाजव," काफिसियासने हनुवटीने म्नासो आजीकडे खूण केली. "तिचा डावा खांदा दुखतो. ती जेवढ्यात हात उचलेल, तेवढ्यात बाकीच्या उचलतील. तिच्या पुढे जाऊ नकोस."

"माझा खांदा काढतोस का रे सगळ्यांसमोर, काफिसा?" म्नासो आजी डोळे पुसत ओरडली. पुसताना कणीक भुवयांना लागली. "तुझ्या गुडघ्यांचं सांगू का मी?"

बायका हसल्या. तिमोलासही हसला. मग त्याने केशरी झग्याच्या बाह्या वर सारल्या, पट्टा आवळला, आणि फूं, फूं, असं वाजवायला लागला, जसं कुणी नांगर ओढतंय. काफिसियास त्याच्या मागे उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावर हाताने ठेका देऊ लागला. चिमणी एकदा दोनदा भुर्रकन निघाली. काफिसियासने खांदा दाबला, चिमणी परत आली. तिमोलासचे गाल फुगले. चांगले पखालीसारखे फुगले, आणि प्लाताइयाच्या पाहुण्यांपैकी कुणाला काही झालं नाही. सगळ्या बायकांचे हात एकदम वर, एकदम खाली. काथवट स्थिर झाली.

वास्तियास मात्र भट्टीपाशी एकटाच पेटला होता. दिला! दगड स्वतःच्या हाताने दिला! शत्रू पडला होता, त्याला उचलून घोड्यावर बसवला, वर लगाम हातात दिला! आता दरवर्षी हाच येणार. ओनासिमोस सांगत फिरणार, पाहा, मी आणला. बायका सांगत फिरणार, काय वाजवलं बाई.

दुपार कलताना रोट भट्टीतून निघाला. गाडीच्या चाकाएवढा, तांबूस, माथ्यावर भेगाळलेला. म्नासो आजीने माथ्याची पहिली कड मोडली. तिच्या हातातून वाफ येत होती. तिने एकदा काफिसियासकडे पाहिलं. काफिसियासने तिमोलासकडे मान हलवली. तिने कड तिमोलासला दिली. आणि त्या माणसाने ती खाल्ली! ऑलिव्हच्या तेलात बुडवून, बोटं चाटून, अगदी सगळी.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा काफिसियास नेहमीसारखा दाराशी जाऊन बसला. एक कुत्रं त्याच्या पोटरीला टेकून झोपलं. वास्तियास आपलं पान उचलून तिथे आला आणि धपकन त्याच्यासमोर बसला.

"मी आज बोलणार."

"बोल."

"तो ओनासिमोस. तुझ्या तोंडाला बैलाचं मुसकं म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला! तू त्याच्या बापाला वाजवत पोचवलंस. काही वाटलं तुला?"

काफिसियासने रोटाचा तुकडा मोडून कुत्र्याला दिला.

"तो थीब्सवाला. तुझ्या दगडावर बसला, तुझ्याकडूनच शिकला आणि तुझी कड गिळली. तेल लावून गिळली! म्नासोला एवढी वर्षं तू सांभाळलीस, तिच्या खांद्यासाठी ताल धरलास, आणि कड देताना तिचा हात अडला का? नाही अडला! या गावाने तुला दाराशी बसवलं, कुत्र्यात बसवलं. अथेन्सवाले आपल्याला डुक्कर म्हणतात. आणि देवी! ती अथीना! स्वतःचं तोंड आवडलं नाही म्हणून वाद्य फेकणारी! मला तर तिचासुद्धा राग येतो, ऐकलं तर ऐकू दे! मी आता ती मूर्ती देवळात देणारच नाही. आणि तू? तू बसलायस इथे काटक्या मोडून, हात काळे करून, पोट भरून, शांत! अरे, माणूस आहेस की मडकं? एवढ्या सगळ्यांत तुला कुणाचाच राग येत नाही?"

काफिसियासने तोंडातला घास चावून संपवला.

"येतो की. तुझा."